चोवीस नावांचा फर्लांग

तामलवाडीच्या नाक्यावर गाड्यांचा वेग घड्याळावर मोजला जात नसे. तो वजीर शेख या पोलीस जवानाच्या सासरवाडीवर मोजला जाई.

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या सडकेवर इंग्रजी मुलूख संपून निजामाचं राज्य, लोकांच्या तोंडी मोगलाई, सुरू होई. तामलवाडीचा नाका त्या हद्दीजवळचा. नाक्यापाशी सडकेच्या कडेला चुना फासलेले दोन दगड होते, त्यांच्यामध्ये एक फर्लांग अंतर. गावातून जाताना ताशी पंधरा मैलांपेक्षा जास्त वेग नको, असा हुकूम होता. म्हणजे एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जायला गाडीला निदान तीस सेकंद लागले पाहिजेत. हे गणित ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब यांनी वजीरला करून दिलं. घड्याळ दिलं नाही. घड्याळ मंजूर होतं, पण लढाई चालू असल्यामुळे यायचं होतं. वजीरनं अर्ज केला १९४१ साली. १९४४ साली ते अजून यायचंच होतं.

वजीर मूळचा नळदुर्गचा. बाप एका तेलाच्या घाण्यावर कामाला होता. वेगाबद्दलची वजीरची समज तिथंच तयार झाली असावी: बैलानं दिवसभर चालायचं आणि कुठंच पोचायचं नाही. पोलिसात भरती झाल्यावर त्याला सरकारी बूट मिळाले, ते एका नंबरानं मोठे होते. त्यामुळं तो स्वतः कधी पळाला नाही, आणि पळणाऱ्यांकडं त्यानं कायम संशयानंच पाहिलं. उंच, बारीक, मिशा जाड. हुद्दा साध्या जवानाचा. लोक मात्र त्याला जमादार म्हणत, कारण तसं म्हटलं की तो खूश होई.

सुरुवातीला तो आकडे मोजत असे. एक, दोन, तीन. पण सोलापूरकडच्या मोटारींचे क्लीनर मागच्या शिडीला लोंबकळत यायचे आणि ओरडायचे, "जमादार, सतरा! जमादार, बेचाळीस!" वजीरचे आकडे चुकत. एकदा तो तेराच्या पुढं सात म्हणाला आणि एक मोटार अडीच मिनिटं फर्लांगात असल्याचं ठरलं. ड्रायव्हरनं त्याबद्दल आभार मानले.

मग त्याला नावं सुचली. बायको बेगमबी हिचं माहेर बेंबळीचं, आणि तिच्या माहेरची माणसं वजीरला पाठ होती, कारण ईदीला सगळ्यांच्या दारात जावं लागे आणि एकही दार चुकलं तर वर्षभर ऐकावं लागे. ज्या क्रमानं गल्लीत घरं, त्या क्रमानं नावं. पहिलं घर सासऱ्याचं: मदारसाब, हुसेनबी. दुसरं धाकट्या मेव्हण्याचं: महेबूब, गुलबानो, आणि त्यांची चार पोरं, त्यात शेवटची खैरूनबी. तिसरं थोरल्या मेव्हण्याचं: गफार, सकिनाबी आणि सात पोरं. चौथं मेव्हणीचं, त्यात सात माणसं. एकूण चोवीस. ही चोवीस नावं सारख्या लयीत घेतली की बरोबर तीस सेकंद होत. अमीनसाहेबांनी स्वतःच्या घड्याळावर तीनदा ताडून पाहिलं. तीस, तीस आणि एकतीस. तिसऱ्या वेळी वजीरला शिंक आली होती.

आधी नावं तेवीस होती आणि मध्ये एक श्वास होता. गफारला सातवं पोर झालं तेव्हा तो श्वास काढून टाकावा लागला.

नावांत क्लीनरला लुडबूड करता येईना. "सकिनाबी" म्हटल्यावर मधेच "कोंडाबाई" असं कुणी ओरडलं तरी वजीर विचलित होत नसे, कारण कोंडाबाई ही त्याच्या सासरवाडीत नव्हती.

नावं संपायच्या आत गाडीनं दुसरा दगड ओलांडला तर दंड. दंडाची पद्धत साधी होती. मोटारीचा रबरी भोंगा काढून घ्यायचा आणि टांगेवाल्याचा चाबूक. चौकीच्या भिंतीवर त्यासाठी खुंट्या मारल्या होत्या. साध्या दिवशी माल सूर्य मावळताना परत मिळे. सुट्टीच्या दिवशी, ज्याला सरकारी भाषेत तातील म्हणत, तो सुट्टी संपेपर्यंत अडकून राही, आणि नवरात्र म्हटलं की सुट्टी दसऱ्यापर्यंत धरायची असा हुकूम होता. भोंग्याशिवाय मोटार चालवायची म्हणजे क्लीनरनं खिडकीतून तोंड काढून "बाजू! बाजू!" करत तुळजापूर गाठायचं. असे क्लीनर दसऱ्यापर्यंत घसा बसून पार मुके झालेले असत.

शुक्रवारी हमखास वाद होई. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. सोलापूरवाले म्हणत, आमची सुट्टी रविवारी, आज आम्हाला सुट्टीचा दंड कसा?

वजीर म्हणे, "नाक्याच्या पल्याड रविवार, अल्याड शुक्रवार. आन् खुंटी अल्याड हाय."

चार वर्षांत त्यानं कोणत्या भागातला माणूस गाडी कशी हाकतो याचे ठाम अंदाज बांधले होते आणि समोरच धोंडीबाच्या चहाच्या हॉटेलात बसून तो ते सांगत असे. सोलापूरचा ड्रायव्हर रिकाम्या सडकेवरही पळतो, कारण त्याच्या कानात सतत गिरणीचा भोंगा वाजत असतो. बार्शीचा हळू येतो, पण त्याला कुणी मागं टाकलं की त्याचा अपमान होतो आणि मग त्याला देवही अडवू शकत नाही. लातूरकडचा मालट्रकवाला भरलेला असला की गरीब, रिकामा असला की उनाड. उस्मानाबादचा ड्रायव्हर मान मागं वळवून उतारूंशी बोलत चालवतो. गोष्ट रंगात आली की गाडी हळू होते, गोष्ट रटाळ असेल तर वेग वाढतो. आणि अक्कलकोटकडचा टांगेवाला बंडप्पा चढाला, उताराला, लग्नाला आणि मौतीला एकाच चालीनं जातो. त्याचा चाबूक कधीच खुंटीवर लागला नाही. वजीरला तो जरा तुसडा वाटे.

"आन् सणाला?" धोंडीबा विचारी.

"सणाला सोलापूरवाला दुप्पट पळतो आन् उस्मानाबादवाला निम्मा. सोलापूरवाल्याला वाटतं, आपण पोचायच्या आत देवी उठून जाईल. उस्मानाबादवाल्याला म्हाईत हाय, जेवण दुपारच्याला हाय."

थोरला मेव्हणा गफार हा स्वतः ड्रायव्हर होता. उस्मानाबाद ते सोलापूर कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार तो चालवी. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवलेली असे. चढाला उतारूंनी उतरून ढकलायचं आणि उताराला जीव मुठीत धरून बसायचं, असा तो प्रवास होता. नाक्याजवळचा फर्लांग तुळजापूरहून येताना नेमका उताराला. त्यामुळं गफारचा भोंगाही अधूनमधून खुंटीवर लागायचा, आणि तो लावताना वजीर नातं बघत नसे. गफारची तक्रार वेगळीच होती.

"माझंच नाव घिऊन मलाच दंड लावता, दुल्हेभाई. सरकारनं मला काय तरी द्याया पायजे."

१९४४ साली रमजान ईद आणि नवरात्र एकाच आठवड्यात आले. वजीरला ईदीची एक दिवसाची रजा मिळाली. बेगमबी आधीच माहेरी गेली होती. गफारच्या मालकानं ईदीपुरती मोटार त्याला दिली होती. दोघं मेव्हणे तुळजापुरात नमाज पढून बेंबळीला निघाले. वजीर पुढच्या सीटवर बसला. पहिला फर्लांगाचा दगड आला तशी त्यानं सुरुवात केली.

"मदारसाब, हुसेनबी, महेबूब..."

"दुल्हेभाई, आज रजा हाय तुमची."

"रजा माझी हाय. हुकमाची न्हाय. ...गुलबानो..."

"हुकूम गावातनं जाताना हाय. हितं गाव कुठंय? समद्या बाभळी हाईत."

"बाभळीमागं गाव असतं. हळू घे."

वजीरनं तुळजापूर ते बेंबळी प्रत्येक फर्लांगाला चोवीस माणसं मोजली. गफारनं सुरुवातीला हसून घेतलं, मग गाडी इतकी हळू केली की बैलांची एक दमणी त्यांना मागं टाकून गेली आणि दमणीतल्या बायकांनी हात हलवले. उस्मानाबादच्या पुढं तर पायी चाललेल्या एका म्हाताऱ्यानं, "बसू का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढं निघून गेला. बेंबळीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. शीरखुर्मा संपला होता. नुसता संपला नव्हता. पातेलं घासून उन्हात पालथं घातलं होतं.

गफारनं ते पातेलं उचललं आणि सगळ्या गल्लीदेखत वजीरपुढं धरलं.

"बघा. तुमच्या तोंडात आमचं खानदान घोळतंय, तवर गाडी चालायची न्हाय. मेहेरबानी करा. आमच्या घरची नावं तोंडातनं काढा."

सासरच्या दारात जावयाला असं कुणी बोलत नाही. वजीर उपाशी होता. तो म्हणाला, "काढली. आजपास्नं तुझं, तुझ्या बायकोचं, तुझ्या पोराबाळांचं, एकाचंबी नाव म्या घेणार न्हाय. अल्लाची कसम."

"कसम?" सासरे मदारसाब म्हणाले. "अवो, ईदीचा दिवस हाय."

"कसम," वजीर म्हणाला.

रागात माणूस हिशेब करत नाही. वजीरनं तो दुसऱ्या दिवशी नाक्यावर केला. चोवीसातून नऊ गेले, राहिले पंधरा. खैरूनबी झाली की तिसरं घर ओलांडून थेट मेव्हणीच्या घरी उडी मारायची. नावं संपायला आता तीस नाही, एकोणीस सेकंदांच्या आत-बाहेर लागत. म्हणजे ताशी पंधरा मैलांची मर्यादा एका पातेल्यापायी ताशी चोवीस मैलांवर गेली होती.

ही बातमी नाक्यावरून नाही, सोलापूरच्या मोटारतळावरून पसरली. गफारनंच सांगितली. "माझं घर सुटलं. आता पळवा."

लोकांनी पळवलं. नवरात्र ऐन भरात आलेलं, सडकेवर मोटारी, टांगे, छकडे यांची रीघ. सोलापूरवाले तर नाक्याजवळ येताना मुद्दाम विचारायचे, "जमादार, थोरले मेव्हणे घरी न्हाईत वाटतं?" आणि वजीरनं मेव्हणीचं शेवटचं पोर मोजलं की धूळ उडवून पसार व्हायचे. कायद्यानं ते सुटत होते, कारण कायदा नावं संपायच्या आत दगड ओलांडला तरच होता, आणि ती संपत होती. वजीर प्रामाणिक होता. नाव संपलं की संपलं. आदल्या वर्षी नवरात्रात खुंट्यांवर एकेचाळीस भोंगे होते. या वर्षी ईदीनंतर एकही नव्हता.

धोंडीबानं मदत करायचा प्रयत्न केला. "वजीरभाई, नऊच नावं कमी हाईत ना? माझी नातवंडं घ्या की. नऊ भरत्यात."

वजीरनं धोंडीबाची नातवंडं पाठ केली. पण खैरूनबीनंतर जीभ आपोआप 'ग' काढी, आणि ती आवरून धोंडीबाच्या नातवाकडं वळेपर्यंत टांगा तुळजापूरच्या वाटेला लागलेला असे. मग त्यानं भाज्या लावून पाहिल्या. वांगी, दोडकी, घोसाळी, कारली. भाज्यांपाशी आला की भूक लागून तो भरभर म्हणू लागे.

सातव्या माळेला सोलापूरचा एक टांगा देवीहून परतताना उतारावरून आला तो वळलाच नाही. घोड्यानं धोंडीबाच्या हॉटेलात मान घातली, परातीतली शेव संपवली आणि गल्ल्यावर शिंकला. कुणाला लागलं नाही. पण धोंडीबानं आयुष्यात पहिल्यांदा सरकारला अर्ज लिहून घेतला, आणि तो थेट जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला, म्हणजे मोहतमीमसाहेबांना. अर्जात घोड्याचा रंग, शेवेचं वजन आणि शिंकेचा उल्लेख होता.

अमीनसाहेब दुसऱ्याच दिवशी आले. रिकाम्या खुंट्या त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या.

"वजीर, हे काय?"

"साहेब, लोक सुधारले."

"नवरात्रात?"

वजीरनं एका खुंटीवरची धूळ पुसली.

"सोलापूरचे?"

वजीरनं मान खाली घातली आणि पातेल्यापासून सगळं सांगितलं. अमीनसाहेबांना हसू आलं असावं, पण ते खोकले. मग म्हणाले, "दसऱ्याला मोहतमीमसाहेब स्वतः येणार आहेत. त्यांच्याकडं खिशातलं चांदीचं घड्याळ आहे. तुझी मोजणी ते त्या घड्याळाला लावून बघणार. मेळ बसला तर ठीक. नाही बसला तर तुझी बदली परंड्याकडं. कागद तयार आहे, सही तेवढी राहिलीय."

परंड्याकडच्या त्या चौकीवरून मोटार जात नव्हती. बैलगाड्या जात. त्यांना फर्लांग ओलांडायला एक सासरवाडी पुरली नसती, अख्ख्या गावाची नावं घ्यावी लागली असती. वेग पकडणाऱ्या माणसाला तिथं करायला काही नव्हतं. आणि त्याहून मोठी अडचण घरातच होती. बेगमबी ईदीनंतर परत आली होती, भाकरी थापत होती, पण तेव्हापासून तिनं नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

वजीरनं बदलीचं सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमी जावा परंड्याला. म्या बेंबळीला जाते."

"कुणाकडं?"

"भाईकडं."

"कोणच्या भाईकडं?"

"नाव घ्या की कोणच्या ते," बेगमबी म्हणाली आणि भाकर उलटली.

वजीरनं नाव घेतलं नाही. पण त्या जेवणात त्यानं एकच भाकर खाल्ली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मोहतमीमसाहेब आले. गोरे, ठेंगणे, मोजकं बोलणारे. धोंडीबानं हॉटेलातलं बाकडं पुसून सडकेच्या कडेला मांडलं. साहेब त्यावर बसले, साखळीला लावलेलं घड्याळ काढलं, झाकण उघडलं. शेजारी अमीनसाहेब उभे राहिले. घर चौकीलाच लागून, म्हणून चौकीच्या दारात बेगमबी, हातात परात, आपण मुद्दाम उभ्या नाही असं दाखवत. तिच्या मागच्या भिंतीवर खुंट्या.

"जो भी पहली मोटार आये," मोहतमीमसाहेब म्हणाले. "आवाज में गिनो. हम भी गिनते हैं."

वजीरनं तुळजापूरच्या बाजूला पाहिलं. चढाच्या टोकावर आधी काळा धूर दिसला, मग भट्टी, मग मोटार. कोळशाची, निळी, डावा दिवा नसलेली. गफारची.

गफारला काहीच माहीत नव्हतं. दसऱ्यानिमित्त बायकापोरांना सोलापूर दाखवायचं म्हणून त्यानं घरचं बिऱ्हाड मोटारीत घातलं होतं. नाक्यावर पंधरा नावांचा हिशेब त्याला ठाऊक होता. तो त्या हिशेबात बसेल एवढ्याच वेगानं, म्हणजे ताशी चोवीस मैलांच्या जरा आत, मजेत उतार उतरत होता.

वजीरपुढं दोन वाटा होत्या. पंधरा नावांवर थांबायचं, तर साहेबांच्या घड्याळात एकोणीस सेकंद भरणार आणि मोजणी खोटी ठरणार. चोवीस घ्यायची, तर कसम मोडणार, आणि तीही त्याच माणसासमोर. पहिल्या दगडाशी मोटारीचं पुढचं चाक आलं. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं.

"मदारसाब," वजीर म्हणाला. "हुसेनबी. महेबूब. गुलबानो."

आवाज स्थिर होता. अमीनसाहेबांनी मनातल्या मनात ताल धरला.

"चाँदपाशा. रसूलबी. मौला. खैरूनबी."

दहा सेकंद झाले. मोटार फर्लांगाच्या बरोबर मध्यावर. वजीरचं तोंड उघडं राहिलं. बेगमबीची परात हलायची थांबली. धोंडीबानं डोळे मिटून घेतले.

"गफार!"

आठ दिवस अडकून राहिलेलं नाव बाहेर पडलं ते सगळ्या जोरानिशी. ते सोलापूरच्या हद्दीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. गफारनं तर ऐकलंच. आपल्याला कुणीतरी हाक मारली, आणि तीही दुल्हेभाईनं, एवढंच त्याला कळलं. त्यानं दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. मोटार करकरत, धूर सोडत, दोन दगडांच्या मध्ये आडवी होऊन थांबली.

"काय दुल्हेभाई?" गफारनं खिडकीतून डोकं काढलं.

वजीरला थांबता येईना. नावांचं तसंच असतं, एक निघालं की पुढचं त्याला धरून येतं.

"सकिनाबी!"

"जी?" दुसऱ्या खिडकीतून सकिनाबीनं पदर सावरत तोंड काढलं.

"दस्तगीर!"

"जी फुफा!"

"जैतुनबी!"

"जी!"

"लाडलेसाब!"

"त्यो झोपलाय," जैतुनबी म्हणाली.

"अमीनाबी! फकीरपाशा! शहजादी!"

खिडक्यांतून एकामागून एक डोकी बाहेर आली आणि जी, जी, जी झालं.

"बाबूमियाँ!"

बाबूमियाँ दीड वर्षाचा होता. सकिनाबीनं त्याला दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरून दाखवलं.

मग वजीरनं मेव्हणीच्या घरची सात नावंही घेतली. त्यांना कुणी ओ दिली नाही, कारण ती बेंबळीला होती. वजीर थांबला. मोहतमीमसाहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

मोटार अजून दुसऱ्या दगडापर्यंत पोचली नव्हती. ती पोचण्याचं लक्षणही नव्हतं, कारण भट्टीतला गॅस गेला होता. मागं टांगे आणि मोटारी अडून राहू लागल्या.

"अमीनसाहेब," मोहतमीमसाहेब हळूच म्हणाले, "हा माणूस गाडीतल्या प्रत्येक उतारूला नावानं ओळखतो?"

अमीनसाहेबांनी वजीरकडं पाहिलं. वजीरनं बुटांकडं पाहिलं.

"जवळजवळ, साहेब."

"आणि ड्रायव्हर नुसत्या हाकेवर थांबतो?"

"आपण पाहिलंतच."

"सात लोक गैरहाजर निघाले."

"ते बेंबळीला आहेत, साहेब," वजीर म्हणाला. हे खरंच होतं.

मोहतमीमसाहेबांनी वही काढली. उस्मानाबाद जिल्ह्यात इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी भोंगे जप्त करणारे, लाच घेणारे आणि झोपलेले जवान पाहिले होते. भर सडकेवर मोटार अडवून उतारूंची हजेरी घेणारा, आणि गैरहजर कुठं आहेत तेही सांगणारा, हा पहिलाच. त्यांनी काय लिहिलं ते अमीनसाहेबांनी नंतर सांगितलं: जवानाचा परिसरातल्या प्रवाशांशी घनिष्ठ परिचय आहे, घड्याळाची गरज नाही, याच नाक्यावर ठेवावे. परंड्याच्या कागदावर सही झाली नाही. घड्याळाच्या मंजुरीवर मात्र त्याच शाईनं काट मारली गेली. पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या इतर नाक्यांना, सणाच्या दिवशी मोटारीतल्या उतारूंची नावं पुकारावीत, असा हुकूम गेला. तिथल्या जवानांना कुणाचीच नावं माहीत नव्हती, म्हणून त्यांनी आपापल्या सासरवाडीची पुकारली. कुणी ओ देत नसे. मोटारी निघून जात.

पण ते नंतरचं. साहेबांची मोटार दृष्टीआड झाल्यावर गफार खाली उतरला आणि वजीरसमोर उभा राहिला.

"नाव घेतलंत."

"सरकारी कामाला घेतलं."

"कसम?"

"कसम मोडली तर दहा फकिरांना जेवण घालावं लागतं. घालीन."

"लई मोठ्यानं घेतलंत पण." गफारला हसू येत होतं आणि ते त्याला दाबायचं होतं. "माझ्या बापानंबी एवढ्या मोठ्यानं कधी हाक मारली न्हाय."

"भोंगा काढ," वजीर म्हणाला.

"आता कशाला? म्या कुठं पळालो? म्या तर हुबा हाय!"

"त्याचंच. सडकेच्या मधी गाडी हुबी केली. आन् तातील हाय."

गफारनं भोंगा काढून दिला. वजीरनं तो नेऊन पहिल्या खुंटीवर अडकवला. मागं अडलेल्या सोलापूरच्या टांग्यांतून कुणीतरी ओरडलं, "काय जमादार, थोरले मेव्हणे आले का घरी?" आणि चोवीस नावं पुन्हा लागू झाली हे समजून सगळ्यांनी लगाम आखडले.

भट्टी पेटवून गॅस धरायला तासभर लागणार होता. मागं अडलेल्या गाड्यांमधले उतारू धोंडीबाच्या हॉटेलात शिरले. घोड्यानं केलेलं नुकसान त्याला दुपारच्या आत भरून मिळालं. सकिनाबी पोरांना घेऊन चौकीच्या दारात आली. लाडलेसाबला खांद्यावर टाकलं होतं, तो अजून झोपलेलाच. बेगमबीनं घरात दोघांपुरतंच कालवण केलं होतं. तिनं दारात उभ्या असलेल्या भावाकडं, भावजयीकडं आणि सात पोरांकडं पाहिलं, मग वजीरकडं वळली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी पुरतं वाक्य बोलली.

"नऊ नावं घेतलीत न्हवं? मग नऊ ताटं मांडा. पीठ म्या बघते."

ताटं घरात सहाच होती. वजीरनं उरलेली तीन धोंडीबाकडून आणली, आणि ती आणायला तो, बूट मोठे असूनही, पळत गेला.